गाडी कधी स्टार्ट होते, कधी होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी एकदाची पूर्ण बंद पडली तर दोष शोधणं तसं सोपं असतं. खरा वैताग देते ती अधूनमधून नखरे करणारी गाडी, म्हणजे आठवडाभर एका सेल्फमध्ये सुरू होणार, मग नेमकी घाईच्या वेळी हूं की चूं करणार नाही, आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी पहिल्या फटक्यात चालू. अशा गाड्यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, गाडी स्टार्ट न होण्याचा तो जो मिनिट असतो ना, तो वाया घालवू नका. दोष त्याच वेळी समोर असतो, नंतर तो दिसत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

कानापासून. "स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक, चावी फिरवली तरी सेल्फ (इंजिनला सुरुवातीला फिरवणारी मोटर) इंजिनला फिरवतच नाही. दोन, सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही. पहिल्यात बॅटरी, वायरी, टर्मिनल (बॅटरीला वायर जोडणारी पकड), रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सेल्फ, चावीचा स्विच हे बघायचं. दुसऱ्यात पेट्रोल किंवा डिझेल, स्पार्क, सेन्सर आणि इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा). मेकॅनिकला फोन करताना एवढं जरी नीट सांगितलं तरी निम्मं काम झालं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

चावी फिरवली की नुसता टक् आवाज येतो, याचा अर्थ काय?

कसला टक् ते बघा. टकटकटकटक असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे लाइट मिणमिणतायत, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं आहे. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, लोड आला की व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो, असं चालू राहतं.

एकच जोरदार टक्, लाइट तेवढेच लख्ख, आणि पुढे शांतता, तर संशय सेल्फवर. आतले सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात किंवा कार्बन ब्रश संपत आलेले असतात.

काहीच आवाज नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. चावीचा स्विच, रिले, क्लचचा किंवा गिअरचा स्विच, नाहीतर इमोबिलायझर.

आणि घर्रर्र करून सेल्फ रिकामाच भिरभिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारा दातेरी भाग) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंगचे दात खाल्ले गेलेत. हे दातांचं प्रकरण कधी होतं कधी होत नाही यात अगदी फिट बसतं, कारण इंजिन बंद होताना ठरावीक दोन-चार जागीच थांबतं आणि तिथलेच दात झिजतात. त्या जागी थांबलं की गाडी अडणार, दुसरीकडे थांबलं की सुरळीत.

लाइट लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त फसवतो. हॅलोजनच्या दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर लागतात, सेल्फला सुरुवातीच्या क्षणी शंभर-दोनशे अँपिअर, मोठ्या डिझेलला त्याहून जास्त. थकलेली बॅटरी हॉर्न आरामात वाजवेल आणि सेल्फच्या वेळी हात वर करेल.

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. दुसऱ्या कोणालातरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघा, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीची लोड टेस्ट (जोर देऊन तपासणी) करून घ्याच. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असलं पाहिजे, तेवढं नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि तुम्ही नवीन बॅटरी टाकली तरी ती पण उतरणार. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो त्यामुळे एका आकड्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, थोडा वेळ बघा.

अजून एक प्रकार आहे जो फार छळतो. बॅटरीच्या आत दोन सेल जोडणारा सांधा तडकलेला असतो, तो कधी चिकटतो कधी सुटतो. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारला की एकदम मेल्यासारखी होते आणि पाच मिनिटांनी परत ठणठणीत. बॅटरी ३ ते ५ वर्षांची झाली असेल आणि असं होत असेल तर ती बदलण्यात काही चूक नाही. एक लक्षात असू द्या, ज्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं तिला एजीएम किंवा ईएफबी, म्हणजे वारंवार स्टार्ट सहन करणाऱ्या, प्रकारचीच बॅटरी लागते, साधी टाकली तर लवकर जाते.

टर्मिनल वरून स्वच्छ दिसतायत, तरी दोष तिथे असू शकतो?

असू शकतो काय, असतोच बऱ्याचदा. वरून चकचकीत आणि आत खांबाला जिथे प्रत्यक्ष चिकटतं तिथे करडा थर. हाताने फिरवून बघा, टर्मिनल जराही हललं तर ढिलं आहे. साफ करताना आधी निगेटिव्ह काढायचं मग पॉझिटिव्ह, आणि लावताना आधी पॉझिटिव्ह मग शेवटी निगेटिव्ह. पांढरा-हिरवट थर खायच्या सोड्याच्या पाण्याने जातो, मग तारेच्या ब्रशने खांब आणि टर्मिनलची आतली बाजू घासा, कोरडं करा, घट्ट करा.

यापेक्षा जास्त दुर्लक्षित म्हणजे अर्थिंगची वायर, बॅटरीकडून बॉडीला आणि बॉडीकडून इंजिनला जाणारी. ती गंजली की सगळी लक्षणं खराब बॅटरीची दिसतात. शोधायची पद्धत सोपी आहे, सेल्फ मारत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा, ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थिंगच्या जोडणीत अडथळा आहे. पॉझिटिव्हच्या बाजूला बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ च्या आत हवं. माझं स्पष्ट मत आहे की नवीन सेल्फ घ्यायच्या आधी प्रत्येक गाडीवर ही टेस्ट झालीच पाहिजे, दोन मिनिटं लागतात आणि चांगला सेल्फ फुकट बदलला जात नाही.

सेल्फला हलकं ठोकलं की सुरू होते. असंच चालवत राहू का?

ठोकल्यावर चालतो म्हणजे दोष सेल्फमध्येच आहे हे जवळपास पक्कं झालं. ब्रश अडकलेला किंवा झिजलेला असतो, धक्क्याने तो परत टेकतो. पण हे थोड्या दिवसांचं आहे, एक दिवस ठोकूनही चालणार नाही. बऱ्याच सेल्फमध्ये फक्त ब्रश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून काम होतं, पूर्ण नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही, आधी उघडून बघायला सांगा. आणि गाडीखाली शिरून ठोकाठोकी करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला आणि चाकाखाली काहीतरी अडवलेलं पाहिजे, ती एकदम सुरू होऊ शकते.

ऑटोमॅटिक गाडी आहे, पार्किंगमध्ये काहीच होत नाही पण कधीकधी न्यूट्रलमध्ये सुरू होते.

गिअरची जागा ओळखणारा स्विच गेलाय किंवा सरकलाय. ब्रेक दाबून ठेवा, लिव्हर पार्किंग ते न्यूट्रल दोन-तीनदा हलवून सेल्फ मारून बघा. मॅन्युअल गाडीत हेच काम क्लचच्या पेडलवरचा स्विच करतो, पेडल पूर्ण खाली दाबलं नाही किंवा पायाखालचं मॅट अडकलं तरी सेल्फ लागत नाही.

बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेकचा स्विच पण बघा. गाडीला कळलंच नाही की ब्रेक दाबलाय तर ती सुरू होणार नाही. मागचे ब्रेक लाइट लागतायत का कोणालातरी बघायला सांगा, लागत नसतील तर उत्तर मिळालं.

सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही, मग?

इथे थोडं डोकं शांत ठेवून बघायला लागतं. इंजिनला हवा, इंधन, योग्य वेळी स्पार्क आणि कॉम्प्युटरची परवानगी लागते, यातलं काय गायब आहे ते शोधायचं.

पहिलं, इग्निशन ऑन करून सेल्फ न मारता थांबा आणि मागच्या सीटच्या बाजूला कान द्या. पेट्रोल गाडीत साधारण दोन सेकंद फ्युएल पंपाची बारीक घूं ऐकू येते. चांगल्या दिवशी ती कशी येते हे आधीच ऐकून ठेवा, म्हणजे वाईट दिवशी फरक कळेल. आवाज नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. आवाज येतोय पण इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावरच गाडी सुरू होते, तर लाइनमधलं प्रेशर उभ्या गाडीत उतरून जातंय, पंपाचा वनवे व्हॉल्व्ह किंवा गळणारा इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बघा. टाकी कायम तळाला ठेवून चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंप टाकीतल्या इंधनानेच थंड राहतो.

दुसरं, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. चांगल्या दिवशी थोडासा उचलतो आणि आज शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन कसं फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा) दाट संशय. काही गाड्यांमध्ये काटा एरवीही हलत नाही, तिथे स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लाइव्ह आरपीएम बघायला लागतो. हा सेन्सर अधूनमधून त्रास देण्यात एक नंबर आहे. त्याच्या आतली बारीक तार गरम झाली की तुटक होते, थंड झाली की परत जुळते, त्यामुळे लांब चालवून आलात, दहा मिनिटं गाडी बंद केली, परत सुरू करायला गेलात तर नाही म्हणते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होते. त्या सेन्सरवर थोडं थंड पाणी टाकून सुरू झाली तर पुरावाच मिळाला.

तिसरं, पेट्रोलचा उग्र वास येतोय आणि प्लग भिजलेत असं वाटतंय तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि मग सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये असं केलं की सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जातं. कुलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल तर नेमकं हेच होतं, गरम इंजिनला थंड समजून कॉम्प्युटर भरमसाठ पेट्रोल ओततो.

गरम असतानाच अडते. क्रँक सेन्सरच ना?

सेल्फ फिरत असेल तर तोच पहिला संशयित. सेल्फच फिरत नसेल किंवा जड फिरत असेल तर नाही. सेल्फ एक्झॉस्टच्या जवळ बसवलेला असेल तर उष्णतेने सोलेनॉइडच्या वायरीचा रेझिस्टन्स वाढतो, आधीच जेमतेम असलेला झिजका सेल्फ मग साथ सोडतो.

डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह भराभर लुकलुकतं.

इमोबिलायझरने चावी ओळखली नाही. काही गाड्या सेल्फच लावू देत नाहीत, काही सुरू होऊन सेकंदात बंद पडतात. दुसरी चावी वापरून बघा, जुडग्यातल्या बाकीच्या चिप असलेल्या चाव्या लांब ठेवा. बटण स्टार्टवाल्यांनी रिमोटचा सेल बदलावा, बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो. सेल पूर्ण संपलेला असेल तरी रिमोट बटणालाच चिकटवून धरला की बहुतेक गाड्या सुरू होतात, काहींमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

दोन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही, रोज चालवली की काही त्रास नाही.

काहीतरी गुपचूप बॅटरी पितंय. गाडी झोपल्यावर ५० मिलीअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो, घड्याळ, अलार्म यांना तेवढं लागतंच. हिशोब करून बघा, ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ४५ ची बॅटरी आठवडाभर सहज तग धरते. पण अर्धा अँपिअर गळती असेल तर दिवसाला १२, दोन दिवसांत २४, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी साफ.

आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टी बघा. डॅशकॅम, ट्रॅकर, नवीन म्युझिक सिस्टिम, ॲम्प्लिफायर. माझ्या अनुभवात गुन्हेगार इथेच सापडतो, कोणीतरी घाईत वायर चुकीच्या फ्यूजमधून घेतलेली असते. मग डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा. दिवा विझतो का हे बघायला मोबाइलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो आत ठेवा आणि झाकण बंद करा.

मोजायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर अँपिअरवर लावून ते टर्मिनल आणि बॅटरीच्या खांबाच्या मध्ये जोडायचा, पण दोन गोष्टी पाळा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आणि लगेच आकडा बघून घाबरू नका, आजच्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला अर्धा-एक तास घेतात, तोवर थांबा, दरवाजा उघडू नका आणि रिमोट लांब ठेवा. नंतरही आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून कधी खाली येतो ते बघा. चिकटलेला रिले असेल तर गळती सुद्धा कधी असते कधी नसते, म्हणून एका रात्रीत सापडलं नाही तर सोडून देऊ नका.

डिझेलला काही वेगळं असतं का?

स्पार्क नाही, त्यामुळे प्लग-कॉइलचा प्रश्न मिटला. थंडीत सकाळी त्रास असेल तर ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) आणि त्यांचा रिले. रात्रभर उभी राहिल्यावर लांब सेल्फ मारावा लागत असेल तर लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय, फिल्टरच्या जोडांवर लक्ष द्या. कॉमनरेल इंजिनमध्ये (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) रेलचं प्रेशर ठरावीक पातळीला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून सेल्फ थोडा मंद झाला तरी डिझेल गाडी अडून बसते आणि लोक इंजेक्टर काढायला निघतात. आधी बॅटरी बघा. फिल्टरमधलं पाणी पण वेळच्या वेळी काढा.

स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड आला नाही. म्हणजे दोष नाही?

दोष आहे, फक्त कॉम्प्युटरला तो दिसत नाही. सैल टर्मिनल, झिजलेला सेल्फ, दमलेला पंप यांचा कोड बऱ्याचदा येतच नाही. आलाच तर पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी आणि पी ०३४० कॅम सेन्सरसाठी असतो, पण तो सुद्धा सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरीकडे बोट दाखवतो, सरळ सेन्सर बदला असं सांगत नाही. आणि बॅटरी काढून लावली की बऱ्याच गाड्यांमधले साठवलेले कोड पुसले जातात, म्हणून स्कॅन आधी, बॅटरी नंतर.

गॅरेजमध्ये नेली की सुरूच होते, ते म्हणतात काही दोष नाही. काय करू?

पुरावा घेऊन जा. गाडी अडली की पुन्हा पुन्हा चावी फिरवण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, त्यात डॅशबोर्डचे लाइट, काटा आणि आवाज सगळं येऊ द्या. मग लिहून ठेवा की इंजिन गरम होतं का थंड, किती वेळ उभी होती, टाकीत इंधन किती, पाऊस किंवा दमट हवा होती का, पुन्हा कशाने सुरू झाली, आपोआप, गिअर हलवून, का दुसऱ्या चावीने. चार-पाच घटना लिहिल्या की त्यातलं साम्य तुम्हाला स्वतःलाच दिसायला लागतं.

गॅरेजला गाडी सकाळी देऊन संध्याकाळी मागू नका. थंडीचा दोष असेल तर रात्रभर तिथे ठेवा, गरमचा असेल तर मेकॅनिकला सोबत घेऊन लांब चक्कर मारा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. दोष बघायला न मिळताच "हा पार्ट टाकून बघू" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे विचारा की कोणत्या टेस्टवरून.

रस्त्यातच अडलो तर काय क्रमाने बघायचं?

हॅझर्ड लावा. आवाज ऐका आणि वर सांगितलेला व्हिडिओ घ्या. लाइट मंद होतायत तर टर्मिनल हाताने घट्ट फिरवून बघा. काहीच आवाज नाही तर क्लच पूर्ण दाबा किंवा न्यूट्रलमध्ये टाका, दुसरी चावी असेल तर ती, मग सेल्फचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून बघा, हॉर्नचा बऱ्याचदा तसाच असतो. सेल्फ फिरतोय तर एका वेळी १० सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट सोडा, नाहीतर बॅटरीही जाईल आणि सेल्फही तापेल.

जंप स्टार्टची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची, वायर कुठे लावायची?

लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, तिच्या बॅटरीवर नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती लांब. काढताना बरोबर उलटा क्रम. जंपने लगेच सुरू झाली तर दोष बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा चार्जिंगमध्ये, जंप देऊनही तोच एक टक् तर सेल्फ किंवा त्याची वायर.

धक्का मारून सुरू केली तर चालेल?

मॅन्युअलला अडचणीत एकदा चालेल, दुसऱ्या गिअरमध्ये, इग्निशन ऑन ठेवून म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, उतारावर एकट्याने करू नका. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही अशा गाडीला धक्का मारून उपयोग नाही, उलट न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो. ऑटोमॅटिकला अजिबात नाही.

साठलेल्या पाण्यातून गेल्यावर बंद पडली, सेल्फ मारू का?

नाही! सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

नवीन पार्ट टाकला, आता खरंच बरी झाली हे कसं कळणार?

पूर्वी ज्या परिस्थितीत अडायची ती परिस्थिती मुद्दाम आणा, गरम असेल तर गरम करून, दोन दिवस उभी ठेवायची असेल तर ठेवून. अधूनमधून होणारा दोष आपोआपच काही दिवस गप्प बसतो, त्यामुळे गॅरेजमधून निघताना सुरू झाली याला काही अर्थ नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि समोर उघडायला सांगा. सेल्फ असेल तर कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळे झालेले किंवा ब्रश अगदी बुटके झालेले दिसले पाहिजेत. आतून सगळं नव्यासारखं निघालं तर दोष अजून गाडीतच आहे, तिथल्या तिथे अर्थिंगची टेस्ट करून घ्या.